फ्लॅशवरचं झबलं

डोंबिवली,
२८ नोव्हेंबर १९५३

दादा,

पत्राच्या माथ्यावर लिहायचे ते सगळे नमस्कार आज मी गिळले आहेत. राग उतरला की एकदम पाठवीन, तोवर वाट बघ.

पंधरवड्यापूर्वी हेमाच्या उष्टावणाला तू ठाण्याहून आलास. मामा म्हणून तिला मांडीवर घेतलंस, सोन्याच्या अंगठीने खिरीचा पहिला घास चाटवलास, तिथवर सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. मग तू पिशवीतून कॅमेरा काढलास, त्याला ती चकचकीत वाटीची फ्लॅशगन लावलीस आणि सात महिन्यांच्या पोरीच्या तोंडासमोर दोन हातांवरून आठ बल्ब उडवलेस. आठ! मी मोजले. बल्ब उडाला की तो कढत कढत काढून माझ्या घासलेल्या परातीत टाकत होतास, म्हणून मोजता आले. मला स्वतःला नंतर कितीतरी वेळ डोळ्यांपुढे निळे गोळे दिसत होते. तिला काय दिसलं असेल ते तिलाच ठाऊक.

आता पुढचं ऐक. गेले आठ दिवस हेमाचा डावा डोळा मधूनच नाकाकडे वळतो. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं आणि पाहिल्याबरोबर निकाल दिला, "सख्ख्या मामाने पोरीच्या डोळ्यांवर वीज पाडली!" हे एकदा म्हणून थांबल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. पण दूध घालायला येणाऱ्या सहदेवपासून खालच्या मजल्यावरच्या प्रमोदिनीबाईंपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी लांबूनच बघितलं आणि "दात येताना होतं असं" म्हणून ग्राइप वॉटर लिहून दिलं. हे म्हणाले, "झालं तर मग!" आणि पेपर उघडून बसले.

आठ वर्षांनी झालेली मुलगी आहे रे ही माझी. मला सरळ उत्तर दे. त्या उजेडाने डोळा जातो का? हो की नाही?

जानेवारीत तिचं बोरनहाण आहे. सासूबाईंनी बजावलंय की मामाने यावं, बोरं उधळावीत, पण कॅमेरा उंबऱ्याबाहेर ठेवावा. मला मात्र तिचे फोटो हवे आहेत. म्हणून मी मधला रस्ता काढलाय. त्या आगीच्या तोंडावर काहीतरी बुरखा घाल, नाहीतर येऊ नकोस.

मंदा

---

ठाणे,
१ डिसेंबर १९५३

चि. मंदास,

तू नमस्कार गिळलेस तरी माझे आशीर्वाद मी देणार, कारण मी थोरला आहे आणि तुझ्यासारखा तिखट नाही.

नाही. जात नाही. झालं सरळ उत्तर? टेंभी नाक्यावर माझा स्टुडिओ अकरा वर्षं उभा आहे. बल्बचा उजेड डोळ्याची पापणी लवते न लवते एवढाच असतो. एवढ्याने डोळे जात असते तर निम्मं ठाणं आज काठी टेकत चाललं असतं. मुंज, लग्न, सत्कार, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळीकडे मी हाच बल्ब उडवतो. आजवर एकाही माणसाने माझ्यावर असा आळ घेतला नव्हता. तो घ्यायला माझ्याच बहिणीचं सासर निघालं! सहदेव दूधवाल्याला माझी कीर्ती कळली, आता तुझ्या यजमानांच्या मोहन्याच्या कारखान्यावर नोटीस लावायची तेवढी राहिली.

गुरुदत्तरावांना म्हणावं, एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, आईसमोर एक वाक्य बोलला असता तर काही बिघडलं नसतं.

सोबत उष्टावणाचे सहा फोटो पाठवत आहे. दोन हलले म्हणून ठेवून घेतले. एका फोटोत हेमाच्या डोळ्यात उजेडाचा पांढरा ठिपका आला होता, तो ब्रशने काळा करून नीट केला आहे. कुणाच्या लक्षातही येणार नाही. असे ठिपके उघड्या फ्लॅशने येतात, एवढं मी तुझ्यापुढे कबूल करतो. उजेड कडक पडतो, नाकाची सावली गालावर येते, कपाळ तेलकट दिसतं. तेव्हा बुरखा घालायला माझी ना नाही. त्याला डिफ्यूझर म्हणतात. पण तो मी चित्र सुधारावं म्हणून घालणार, तुझ्या सासूबाईंना घाबरून नव्हे. हे त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल.

श्रीपाद

---

डोंबिवली,
५ डिसेंबर १९५३

दादा,

वाचून दाखवलं नाही. घरात भांडी कमी फुटतात असं नाही, त्यात तुझी भर कशाला?

फोटो सुरेख आले आहेत. हेमाच्या तोंडाला लागलेली खीरसुद्धा दिसते. पण ठिपक्याचं वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझं डोकं तडकलं. म्हणजे उजेड तिच्या डोळ्यात शिरला, तो तुला दिसला, तू त्याच्यावर काळं फासलंस, आणि वर मलाच विचारतोस की आळ कसला? वा रे न्याय!

डोळा अजून वळतो. रोज नाही, पण वळतो. सासूबाई गुलाबपाण्याच्या घड्या ठेवतात आणि प्रत्येक घडीबरोबर तुझा उद्धार करतात.

डिफ्यूझर म्हणजे काय ते मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. कापड लाव, कागद लाव, नाहीतर पत्रावळ लाव. माझी अट एवढीच की उजेड मऊ पडला पाहिजे, लांबून पडला पाहिजे आणि तिच्या डोळ्यात ठिपका येता कामा नये. बोरनहाणाआधी दुसऱ्या कुणावर तरी करून बघ. माझी मुलगी तुझ्या प्रयोगासाठी नाही.

मंदा

---

ठाणे,
२० डिसेंबर १९५३

चि. मंदास,

तुझ्या पत्रामुळे तुझ्या सुमतीवहिनीने माझ्याशी चार दिवस अबोला धरला आहे. प्रयोग तिच्यावर झाले.

पहिला प्रयोग हातरुमालाचा. मासिकात वाचलं होतं की वाटीवर रुमालाची दुहेरी घडी बांधली की काम होतं. बांधली. बल्ब उडाला आणि रुमालाला मधोमध आण्याएवढा तपकिरी डाग पडून धूर निघाला. तो रुमाल तिने स्वतः बेलबुट्टी काढून मला दिवाळीत दिलेला होता, हे मला डाग पडल्यावर कळलं.

दुसरा प्रयोग ट्रेसिंग कागदाचा. तारेची चौकट करून वाटीपासून चार बोटं पुढे कागद ताणला, म्हणजे जळायला नको. उजेड उत्तम आला, अगदी उत्तरेच्या खिडकीतून यावा तसा. पण कागद फडफडतो, पिशवीत घातला की चुरगळतो, आणि चुरगळला की प्रत्येक सुरकुतीची सावली भिंतीवर उमटते. स्टुडिओत ठीक आहे, पण डोंबिवलीपर्यंत तो धड पोहोचायचा नाही.

तिसरा प्रयोग मुंबईहून मागवलेल्या प्लॅस्टिकच्या झाकणाचा. विकणारा सांगत होता, विलायतेत सगळे हेच वापरतात. विलायतेतली माणसं पिवळी दिसत असतील तर मला माहीत नाही, सुमती तर कावीळ झाल्यासारखी आली. वजन एवढं की फ्लॅशगन मान टाकते. परत पाठवलं.

आता माझ्या डोक्यात शेवटचा उपाय आहे. भरतकामाची लाकडी गोल रिंग घ्यायची, तिच्यात मऊ, खूप धुतलेली मलमल ताणायची आणि ती तारेने वाटीपुढे अडकवायची. नवी मलमल चालत नाही, तिला खळ असते. एक पदर निम्मा उजेड खातो, तेवढं मी भिंगाचं तोंड जास्त उघडून भरून काढीन. रिंग पिशवीत सपाट राहते, सुरकुती पडत नाही, जळत नाही. फ्लॅशगन कॅमेऱ्यावर न लावता मी डाव्या हातात लांब धरणार, म्हणजे उजेड बाजूने पडेल. रिंग सुमतीची आहे. मलमल मात्र ती द्यायला तयार नाही.

श्रीपाद

---

डोंबिवली,
२४ डिसेंबर १९५३

दादा,

सोबत हेमाचं पहिलं झबलं पाठवतेय. बाळंतविड्यातलं, शंभरदा धुतलेलं. याहून मऊ मलमल सबंध कल्याण तालुक्यात मिळायची नाही. आता तिला होत नाही.

वहिनीची माफी माग. मी असते तर आठ दिवस बोलले नसते.

मंदा

---

ठाणे,
२२ जानेवारी १९५४

चि. मंदास,

आता बोल! बोरनहाणाचे फोटो बघ आणि मग बोल!

हलव्याचा मुकुट, काळं झबलं, डोक्यावरून ओघळणारी बोरं आणि मध्ये ती हसते आहे. एकाही गालावर कडक सावली नाही. एकाही डोळ्यात ठिपका नाही. बारा फोटो आहेत, मी भिंग लावून एकेक डोळा तपासला. ब्रशला हातसुद्धा लावलेला नाही. तुझ्या झबल्याने आणि सुमतीच्या रिंगेने काय काम केलं म्हणून सांगू! परवा एका लग्नात तीच रिंग नेली, तर नवरीच्या आजीने विचारलं, "फोटोग्राफर, यंदा आमच्या घरात चंद्रप्रकाश कुठून आणलात?"

तुझ्या सासूबाई मात्र फोटो काढताना हेमाच्या डोळ्यांपुढे पदर धरायला धावत होत्या, त्यामुळे आणखी दोन फोटोंत नुसता पदरच आला आहे. तेही पाठवतोय. त्यांना द्यावेत.

तेव्हा हा विषय इथे संपला. ठिपका उघड्या फ्लॅशचा होता, फ्लॅश झाकला, ठिपका गेला. माझ्यावरचा आळ आता खालच्या मजल्यापासून सहदेवपर्यंत उलट्या क्रमाने मागे घ्यावा, ही विनंती.

श्रीपाद

---

डोंबिवली,
२७ जानेवारी १९५४

दादा,

फोटो बघितले. चांगले आहेत. त्याबद्दल नंतर.

परवा दिवेलागणीला मी देवापुढे निरांजन लावलं होतं. हेमा माझ्या कडेवर. ती ज्योतीकडे बघायला वळली आणि तिच्या डाव्या डोळ्यात आतून काहीतरी चमकलं. वरून नव्हे, आतून. मांजराचा डोळा कोनाड्यात चमकतो ना, तसं, पण पांढरं. मान हलली आणि गेलं. मी तिला पुन्हा पुन्हा ज्योतीकडे वळवलं. पाचदा काही नाही आणि सहाव्यांदा पुन्हा तेच.

यांना बोलावलं. यांच्यासमोर एकदाही दिसलं नाही. "तुम्ही दोघी मिळून आता मुलीला भूत ठरवा," असं म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, मामाचा उजेड अजून आत राहिलाय. मी दोघांवरही एवढी ओरडले की प्रमोदिनीबाई वर आल्या.

मला एक आठवलं. उष्टावणाच्या फोटोत तू ठिपका पुसला होतास. तो कुठल्या डोळ्यात होता? नक्की एकाच फोटोत होता का? आणि त्या फोटोंत मीही कॅमेऱ्याकडेच बघत होते, हेही बघत होते. आमच्या डोळ्यांत ठिपका का नव्हता?

लगेच लिही.

मंदा

---

ठाणे,
३० जानेवारी १९५४

चि. मंदास,

तुझं पत्र वाचून काळजी वाटली. तुझ्या तब्येतीची. तू नीट झोपत नाहीस असं दिसतं.

अगं, उजेड कुठून कसा परततो याला काही नियम नाही. भिंगात चमकतो, भांड्यात चमकतो, बाळांचे डोळे ओले असतात त्यांत जास्त चमकतो. मोठ्यांचे नसतात. ठिपका कुठल्या डोळ्यात होता हे आता दोन महिन्यांनी मला कसं आठवणार? वर्षाला हजारो डोळे माझ्या हाताखालून जातात. आणि बोरनहाणाच्या एकाही फोटोत तो नाही, हे तू सोयीने विसरतेस.

मुलीला दृष्टबिष्ट लागली असेल तर सासूबाईंना काढू दे, माझ्या नावाने काढली तरी चालेल.

श्रीपाद

---

डोंबिवली,
१ फेब्रुवारी १९५४

दादा,

माझी तब्येत उत्तम आहे. तुझी बिघडली आहे.

लहानपणी तू आण्णांचं घड्याळ पाडलंस तेव्हाही असंच बोलला होतास. आधी माझी चौकशी, मग घड्याळांना काही नियम नसतो, मग आठवत नाही. तू खोटं बोलताना नेहमी लांबण लावतोस. खरं बोलताना दोन शब्द बोलतोस. "नाही. जात नाही." तसं बोल.

मी काल तुझे उष्टावणाचे सहाही फोटो खिडकीत नेले आणि तिरके धरून बघितले. तिरकं धरलं की शाई वेगळी चमकते, हे तुला ठाऊक असेलच. एका नाही, चार फोटोंत ठिपका आहे. चारही फोटोंत डाव्याच डोळ्यात आहे. चार फोटोंत माझ्या मुलीच्या डाव्या डोळ्याची बाहुली तू तुझ्या हाताने काढली आहेस!

उजेड ओल्या डोळ्यात चमकतो म्हणतोस? तिचा उजवा डोळा काय कोरडा आहे?

आठही निगेटिव्ह मला पाहिजेत. हललेले दोन धरून आठ. आणि त्यांचे न रंगवलेले प्रिंट. परवापर्यंत आले नाहीत तर मी हेमाला घेऊन टेंभी नाक्यावर येते आणि गिऱ्हाइकांसमोर मागते.

मंदाकिनी

---

ठाणे,
३ फेब्रुवारी १९५४

मंदा,

आठही निगेटिव्ह आणि आठ प्रिंट सोबत आहेत. ब्रश लावलेला नाही. पोस्टाच्या भरवशावर टाकले नाहीत, सुमतीचा भाऊ उत्तम स्वतः घेऊन येतो आहे.

पाच फोटोंत ठिपका आहे. सगळ्यांत डावा डोळा. दोन हलले म्हणून ठेवले असं लिहिलं होतं, त्यांतला एकच हलला होता. दुसऱ्यात ती अगदी समोर बघते आहे आणि सबंध बाहुली पांढरी आहे. तो रंगवला असता तर ओळखू आला असता, म्हणून पाठवला नाही.

निगेटिव्ह धुवून वाळत घातले तेव्हाच मला दिसलं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, बाहुल्या पांढऱ्या दिसतात. सगळ्यांच्या पांढऱ्या होत्या आणि तिची एक काळी होती. ठिपका कसा येतो हे मला ठाऊक आहे. ओल्या डोळ्यावरचा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा असतो आणि दोन्ही डोळ्यांत असतो. हा तसा नव्हता. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं, की सासूबाई म्हणतात मामाने डोळे जाळले. मी घाबरलो, मंदा. वाटलं, हे त्यांच्या हाती पडलं तर पुरावाच झाला. उद्या नाक्यावर बातमी गेली की श्रीपाद फोटोवाल्याने भाचीचा डोळा जाळला, तर कोण येईल स्टुडिओत? म्हणून पुसलं. मग डिफ्यूझरच्या मागे लागलो आणि ठिपका गेला, तेव्हा मलाच खरं वाटायला लागलं की दोष फ्लॅशचा होता.

मुंबईला घेऊन जा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नको.

श्रीपाद

---

डोंबिवली,
२८ फेब्रुवारी १९५४

श्रीपाद,

तुझी मधली दोन पत्रं आली. उघडली नाहीत. उत्तम दोनदा येऊन दारातून चौकशी करून गेला. त्याचा काही दोष नाही, त्याला चहा दिला.

निगेटिव्ह हातात आले त्याच दिवशी मी मुंबईला निघाले. हे म्हणाले, "रविवारी जाऊ." मी म्हणाले, "तुम्ही रविवारी या." सासूबाई आडव्या आल्या नाहीत. माझं तोंड बघून बाजूला झाल्या.

डोळ्यांच्या इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी औषध घालून बाहुली मोठी केली आणि बारीक दिवा धरून आत पाहिलं. मग मी प्रिंट दाखवले. त्यांनी ते खिडकीत नेऊन पाहिले. मी तुझे रंगवलेलेही नेले होते. ते शेजारी ठेवून त्यांनी मला विचारलं, "हा काळा कुणी केला?" मी सांगितलं, माझ्या भावाने. ते म्हणाले, "का?" याचं उत्तर तुझ्याकडे असेल. देता आलं तर त्यांना कळव.

डोळ्याच्या आत गाठ होती. मागच्या पडद्यावर. उजेड समोरून, उघडा, सरळ आत गेला की गाठीवर आपटून परत येतो आणि पांढरा दिसतो. बाजूने आणि मऊ पडला की आत पोहोचतच नाही. म्हणजे आपण दोघांनी मिळून, रिंग ताणून, झबलं लावून, तो दिसणार नाही अशी व्यवस्था केली. मी स्वतः झबलं पाठवलं. याचा राग मी तुझ्यावर काढू की माझ्यावर, ते अजून ठरत नाही, तोवर दोघांवर काढते आहे.

ते म्हणाले, गाठ डोळ्याबाहेर पडली तर मूल जातं. डोळा ठेवायचा की मुलगी, एवढाच प्रश्न होता. बारा तारखेला डोळा काढला. मुलगी आहे.

मी विचारलं, नोव्हेंबरात आणली असती तर डोळा वाचला असता का? म्हणाले, "सांगता येत नाही." वाचला असता म्हणाले असते तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं. नसता वाचला म्हणाले असते तर तुला माफ केलं असतं. "सांगता येत नाही" हे घेऊन मी काय करायचं, ते तू सांग.

फ्लॅशने काही झालेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. ते मी सासूबाईंना, यांना, प्रमोदिनीबाईंना आणि सहदेवला, प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं. तुझ्यासाठी नाही सांगितलं. खोटं होतं म्हणून सांगितलं.

मंदाकिनी

---

ठाणे,
३ मार्च १९५४

मंदा,

काय लिहू? लांबण लावणार नाही.

मी घाबरलो आणि लपवलं. याला दुसरं काही नाव नाही.

हेमाला बघायला येऊ का? तू नाही म्हणालीस तर येणार नाही.

श्रीपाद

---

डोंबिवली,
२२ एप्रिल १९५४

दादा,

दीड महिना उत्तर दिलं नाही. आता काम निघालं आहे.

हेमा बसते, सरकते, भांडी ओढते. भाताचं शीत उजव्या डोळ्याने अचूक हेरते आणि तोंडात टाकते. डावी पापणी मिटलेली असते, आत काही नाही. येणारी माणसं आधी तिकडे बघतात, मग घाईघाईने बोरनहाणाच्या फोटोकडे बघतात आणि म्हणतात, "किती गोड दिसत होती हो!" दिसत होती! पोरगी समोर बसलेली असते. परवा एकीला मी दार दाखवलं.

येत्या सोमवारी तिला वर्ष पूर्ण होतं. सासूबाई म्हणाल्या, मामाला बोलाव, फोटो उजव्या बाजूने काढू दे, नाहीतर डावा डोळा तो रंगवून देईल, त्याला येतं. पुढे मुलीचं लग्न व्हायचंय, घरात एक तरी बरा फोटो असावा. त्यांना वाईट म्हणत नाही मी. ऑपरेशनच्या दिवशी त्या इस्पितळाच्या जिन्यावर सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता बसल्या होत्या. पण या बाबतीत मी त्यांचं ऐकणार नाही.

डॉक्टरांनी सांगितलंय की अशी गाठ कधीकधी दुसऱ्याही डोळ्यात येते. पाच वर्षं लक्ष ठेवायचं. दर तीन महिन्यांनी ते तपासणार आहेत. पण तीन महिने फार असतात, दादा. उष्टावणापासून निरांजनापर्यंत तेवढेही नव्हते. मी डॉक्टरांना विचारलं, मधल्या काळात फोटो काढला तर चालेल का? ते म्हणाले, तपासणी चुकवणार नसाल तर जरूर काढा, जास्त दिसलं तर माझं काही जात नाही.

तेव्हा तू दर महिन्याला यायचं. खिडक्या लावून, समोरून, फ्लॅश कॅमेऱ्याला चिकटवून, उघडा. मध्ये कापड नको, कागद नको, कुणाचा पदर नको. सासूबाईंना मी धरून ठेवीन. प्लेट धुतली की पहिल्यांदा उजवा डोळा बघायचा आणि काय असेल ते त्याच दिवशी मला लिहायचं. चांगलं असेल तर चांगलं, वाईट असेल तर वाईट. मला सांभाळून घेणारं एक अक्षर नको.

डाव्या डोळ्याला ब्रश लावलास तर तो तुझा या घरातला शेवटचा फोटो.

क्षमाबिमा मागू नकोस, ती द्यायला मला अजून वेळ झालेला नाही. जेवायला मात्र थांब. वहिनीला आण.

मंदा

---

ठाणे,
२६ एप्रिल १९५४

चि. मंदास,

चार प्लेटा काढल्या होत्या. घरी येताच धुतल्या. चारही स्वच्छ आल्या आहेत. तिसरी उत्तम आहे, तीत हेमा सरळ भिंगात बघते आहे आणि तुझी मूठ तिच्या झग्याला धरून आहे.

नाकाची सावली गालावर आली आहे. कपाळ चमकतं आहे. डावी पापणी जशी आहे तशी आहे.

निगेटिव्हवर उजवी बाहुली पांढरी आहे. प्रिंटमध्ये काळी आली आहे, चारही प्रिंटमध्ये. सुमतीने बघितलं, मी भिंगाने बघितलं, पुन्हा उजेडात नेऊन बघितलं. काळीच आहे.

हात लावलेला नाही.

श्रीपाद